मामांच्या गाडीतलं शिसं

मामांची गाडी उभी राहावी म्हणून बाबांनी आमच्या वाडीतल्या दोन केळी तोडल्या. दोन्हींवर लोंगर होते, हिरवेगार, अजून पुरते भरलेलेही नव्हते. मामांच्या घराकडे जाणारी आळी इतकी अरुंद की तिच्यातून बैलगाडी गेली तरी दोन्हीकडची मेंदी मोडायची, आणि ही गाडी तर अमेरिकेतून जहाजात बसून आली होती. तिला मेंदीचा ओरखडा उठलेला कसा चालेल? तेव्हा गाडी मामांची, जागा आमची, आणि बळी गेल्या त्या केळीही आमच्याच. मी कुरकुरले तेव्हा आई म्हणाली, "केळी परत येतील गं. भाऊ काय रोज येतो?" भाऊ त्यानंतर रोजच येऊ लागला. सकाळी गाडी पुसायला यायचा, म्हणजे मला पुसायला सांगायला यायचा. संध्याकाळी गाडीला टेकून उभा राहायला यायचा. मधल्या वेळात आमच्याकडे चहा असायचाच.

हे माझे सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ. बरीच वर्षं अमेरिकेत होते. तिथे काय करत होते हे विचारलं की "टेक्निकल लाइन" असं उत्तर मिळे. पुढे मामीच्या तोंडून कळलं की लाकडी खोक्यांच्या कारखान्यात ते खोक्यांना खिळे ठोकत. खिळे ठोकण्यात कमीपणा नाही, पण खिळे ठोकून आलेल्या माणसाने आम्हाला इंजिनावर व्याख्यानं का द्यावीत हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. उन्हाचा चष्मा ते घरातसुद्धा काढत नसत. बोलताना प्रत्येक वाक्यात "देअर" असे, आणि देअर म्हणजे जिथे सगळं बरोबर असतं ती जागा. देअर रस्ते सरळ, देअर माणसं वेळेवर, देअर केळीसुद्धा एका मापाची. आमची राजेळी मात्र हे गृहस्थ देअर विसरून बशीभर खात.

आमचं घर वटारच्या बाजूला, विहिरीला लागून. पहाटे पहिला आवाज विहिरीवरच्या पंपाचा, दुसरा पलीकडच्या ख्रिस्ती आळीतल्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, घंटेचा आणि तिसरा बाबांच्या टेम्पोचा. टेम्पो बाबांचा नव्हता, गावचा होता. वाडीवाल्यांनी मिळून घेतलेला, आणि त्याची किल्ली त्यांनी बाबांच्या हवाली केलेली. मोगरा, सोनचाफा, विड्याची पानं, केळी, भाज्या, ज्याच्या वाडीत जे निघेल ते बाबा पहाटे दादरला पोचवत आणि दुपारी प्रत्येकाची रिकामी टोपली त्याच्या त्याच्या दारात ठेवत. टोपल्यांची अदलाबदल कधी झाली नाही. किल्ली बाबांच्या कमरेच्या करगोट्याला असे. आंघोळीलाही ती सुटत नसे. आमच्याकडे वाडी जेमतेम, जेवण चालायचं ते त्या किल्लीवर. दुपारी बाबा आले की तांदळाची भाकरी, केळफुलाची भाजी नाहीतर सुके बोंबील, आणि ते जेवत असताना आई बाहेर बांबूच्या ताटव्यांवर सुकेळी पालथी करत बसलेली. पिकलेली राजेळी सोलून उन्हात वाळवायची, रोज उलटायची, मधासारखा रंग आला की केळीच्या सोपटात बांधायची. अमेरिकेत असताना मामांसाठी दर वर्षी एक पुडकं बाजूला निघे आणि जाणारा माणूस न मिळाल्याने आम्हीच ते खाऊन टाकत असू. तरी पुढच्या वर्षी पुडकं निघेच.

गाडी बंदरातून आणायला बाबा टेम्पो घेऊन गेले होते, सामान आणायचं म्हणून. आई सोबत गेली. हट्टाने गेली, कारण भाऊ इतक्या वर्षांनी येणार, त्याला बंदराच्या दारातच ओवाळायचं होतं. तबक, निरांजन, अक्षता, सगळं फडक्यात बांधून तिने मांडीवर घेतलं होतं. संध्याकाळी गाडी आली, टेम्पो आला, आई उतरली तेव्हा तबकातलं निरांजन नुसतं काळं झालेलं आणि कुंकू जसंच्या तसं. मी म्हटलं, "ओवाळलं नाहीस?" तर म्हणाली, "वारा व्हता. दिवा विझला." मग मामांचं ओवाळणं आमच्या अंगणात झालं, आणि आईने गाडीलाही ओवाळलं. बाबा टामी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी, टेम्पोच्या बाकाखाली ठेवत होते. इतकंच मला आठवतं, आणि तेव्हा त्यात आठवण ठेवण्यासारखं काही नव्हतं.

मग गाडीचं राज्य सुरू झालं. स्टिअरिंग डाव्या बाजूला, त्यामुळे समोरून येणारा प्रत्येकजण आधी ड्रायव्हरच्या जागी कोणीच नाही हे बघून दचकायचा, आणि त्या दचकण्याचा मामांना इतका आनंद व्हायचा की त्यासाठी ते विनाकारण आगाशीपर्यंत जाऊन यायचे. गावातली मोठी मोठी माणसं, एरवी कोणाचं ऐकून न घेणारी, गाडीच्या काचेवर हात ठेवताना आधी धोतराला हात पुसत. दसऱ्याला गाडीची पूजा झाली. सोबत आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक मामांनी पाटावर ठेवलं, त्यावर हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि पूजा झाल्यावर ते पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या खणात बंद केलं. उघडलं मात्र नाही. मी विचारलं, "मामा, वाचलंत का हे?" मामा म्हणाले, "देअर कोणी वाचत नाही. देअर गाड्याच चांगल्या असतात."

चांगली गाडी पावसाळ्यापासूनच दमायला लागली होती. आधी नुसती कुरकुर, मग चढावर धाप, मग सपाटीवरही. मामा म्हणत, इथली हवा जड आहे. दसऱ्यानंतर विरारला कोणाचं तरी बारसं होतं, मामांना मागच्या सीटवर बसून जायचं होतं, म्हणून त्यांनी बाबांना गाडी चालवायला बोलावलं. बाबांनी ती गाडी चालवली ती एकदाच. जाताना पेट्रोल भरलं तेही बाबांनीच, मामा चष्मा लावून मागे बसले होते. येताना नालासोपाऱ्याच्या फाटकाआधी, भर बाजारात, गाडी एक मोठा उसासा टाकून उभी राहिली. पुढे फाटक उघडं, मागे टांगे, हातगाड्या, रिक्षा, सगळे ओरडताहेत आणि गाडी हलायला तयार नाही. मासळीवाल्या बाया खाली बसून हसत होत्या म्हणे. एकीने विचारलं, "शेट, धक्का मारू का?" मामांना उतरून, बूट चिखलात घालून, स्वतःच्या गाडीला धक्का मारावा लागला. शेवटी गावचा टेम्पो आणून दोरीने ओढत ती आमच्या वाडीत परत आणली. बाजारच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून, आत डोकावून, हात पुसत सांगितलं की ही इंपोर्टेड आहे, पेट्रोलमध्ये भेसळ असेल. त्याला बाकी काही सांगता येत नव्हतं म्हणून त्याने हे सांगितलं.

मामांना तेवढं पुरलं. मासळीवाल्यांचं हसू कोणाच्या तरी नावावर टाकायचं होतं, ते त्यांनी बाबांच्या नावावर टाकलं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं: पेट्रोल भावोजींनी भरलं, पैसे वाचवायला त्यात रॉकेल मिसळलं. तिसऱ्या दिवशी माणसांनी आणखी पुढचं काढलं, की मामांच्या गाडीत घालतो तो माणूस गावच्या टेम्पोत काय काय घालत असेल? ज्यांच्या टोपल्या एवढी वर्षं न चुकता दारात आल्या तीच ही माणसं. एक नाही, दोन नाही, सगळी विहिरीवर उभी राहून माना हलवत होती. हरी तात्या म्हणजे टेम्पोच्या मंडळाचे म्होरके. ते बाबांना म्हणाले, "ऐतवारी दुपारी बसू आनि काय ते ठरवू." काय ठरवायचं ते सगळ्यांना माहीत होतं. किल्ली परत घ्यायची. जेवताना बाबांनी भाकरीचे तुकडे केले आणि तसेच ताटात ठेवून उठले. त्या ताटाकडे बघताना मला गावातल्या एकूण एक माणसाची किळस आली होती.

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्गात होते, रसायनशास्त्र घेऊन. रॉकेल जळलं की काय होतं हे आमच्या चुलीपाशी बसणाऱ्या कोणालाही माहीत असतं, काजळी धरते, काळी कुळकुळीत. मी गाडीमागे जाऊन धुराच्या नळीत बोट घातलं. बोट राखाडी झालं, जवळजवळ पांढरं. मग मी गाडीचा खण उघडून ते पूजेचं पुस्तक काढलं. पहिल्या पानावर हळद सांडली होती, ती झटकली आणि पडवीत बसून वाचायला लागले. मामा दुपारी घरी झोपत, आणि गाडीची किल्ली आईकडे असे, कारण किल्ली सांभाळण्याचा कंटाळाही मामांना देअरच्या सवयीने आला होता. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की या गाडीत बिनशिशाचंच पेट्रोल घालायचं. आपल्याकडे तेव्हा सगळंच पेट्रोल शिसं घातलेलं. शिसं असलेलं पेट्रोल घातलं तर दोन वस्तू बाद होतात: एक ऑक्सिजन सेन्सर आणि दुसरा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सेन्सर धुरात प्राणवायू किती उरला ते इंजिनाला कळवतो. कन्व्हर्टर हा पोटाखालचा डबा, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तीत धुरातलं विष जळून जातं. शिशाने ती जाळी माखली की मरते आणि पुढे बुजते, आणि मग गाडीला श्वास सोडता येत नाही. कोणी चुकून तसलं पेट्रोल घालू नये म्हणून टाकीचं तोंडही कंपनी मुद्दाम अरुंद ठेवते, आपल्याकडच्या पंपाची जाड नळी आत जाऊच नये असं. हे सगळं चित्रांसकट छापलेलं होतं, आणि आमच्या घराण्यातल्या एकुलत्या एक टेक्निकल माणसाने त्याच्यावर झेंडू ठेवला होता.

तरट अंथरून मी गाडीखाली शिरले. आईने ओटीवरून विचारलं, "काय शोधतेस?" म्हटलं, "अक्कल." सेन्सर सापडायला वेळ लागला. तो इंजिनाच्या अगदी जवळ, धूर बाहेर पडतो त्या बिडाच्या जाड फाट्याला स्क्रूसारखा बसवलेला होता. दिसायला स्पार्क प्लगचा भाऊ, डोक्यातून एकच तार. तिथून नळी मागे जाते, आणि पुढच्या सीटच्या खाली तो डबा, दोन्ही बाजूंनी चेपलेल्या पेटीसारखा, वर पत्र्याचं टोपण. मिस्त्रीने यालाच दुसरा सायलेन्सर म्हटलं होतं आणि मामांनी मान डोलावली होती.

परवा माझ्या भाच्याच्या गाडीत पिवळा दिवा लागला. गॅरेजमधल्या मुलाने एक यंत्र जोडलं, पडद्यावर बघितलं आणि म्हणाला, "आजी, ओ-टू सेन्सर गेलाय." मी हसले तर त्याला वाटलं म्हातारीला कळलं नाही. त्याने मला चित्र काढून दाखवलं, आणि मी ते शांतपणे बघून घेतलं.

कॉलेजात आमच्या प्रयोगशाळेच्या डिमेलो मिस होत्या, कडक, पण खरं असेल तिथे मदत करणाऱ्या. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी कपाटातून मोठा व्होल्टमीटर काढून दिला आणि बजावलं, साधा मीटर लावू नकोस, या वस्तूतली वीज इतकी कमी असते की साधा मीटरच ती खाऊन टाकील. मी गाडी चालू केली, इंजिन चांगलं तापू दिलं, तार सोडवून मीटर लावला. पुस्तकाप्रमाणे काटा सारखा खालीवर हलायला हवा होता. तो एका जागी पडून राहिला. मी ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला, पण काटा हलला नाही. सेन्सर मेलेला होता. मग डब्याची पाळी. चालणाऱ्या डब्यात धूर जळतो, म्हणून त्याची मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त तापते असं पुस्तकात होतं. ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं, पण तवा तापला की नाही ते आम्ही पाणी शिंपडूनच बघतो. पेल्यात पाणी घेतलं आणि बोटांनी उडवलं. पुढच्या नळीवर थेंब चर्र करून उडाला. मागच्या नळीवर तो बसला, थोडा रेंगाळला आणि हळूहळू आटला. आई पायरीवरून बघत होती. "मागचा थंड हाय," असं तीच आधी म्हणाली.

गाडी गार झाल्यावर बाबांच्या पेटीतला पाना घेऊन मी सेन्सर सोडवला. त्याचं टोक राखाडी थराने माखलेलं. काजळीचा मागमूस नाही. आणि मग मला कल्पना सुचली: सेन्सर काढला की त्या भोकातून धुराला पुढच्या पुढे वाट मिळेल, बुजलेल्या डब्यात जायलाच नको. तसंच गाडी चालू केली. कानठळ्या बसवणारा आवाज झाला, शेजारच्या कोंबड्या कुंपणावर चढल्या, पण इंजिन असं फुलून उठलं, जसं गेले कित्येक महिने उठलं नव्हतं. सेन्सर परत बसवला की पुन्हा तीच धाप. रोग सापडला होता. टोकावरची राख मी खरवडून कागदात घेतली, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सौम्य नायट्रिक आम्लात तापवून विरघळवली, गाळली आणि पोटॅशियम आयोडाइडचे थेंब सोडले. परीक्षानळीत पिवळंधमक झालं. सॉल्ट ॲनालिसिस करणाऱ्या कोणालाही शिशाचा तो पिवळा रंग ओळखता येतो. डिमेलो मिस एवढंच म्हणाल्या, "लेड. दुसरं काही नाही."

घरी आल्यावर टाकीचं झाकण उघडलं. आत पुस्तकात दाखवलेली अरुंद तोंडाची पत्र्याची चकती नव्हती. तिचे फाटलेले काठ तेवढे आत वळलेले होते, ठोकून फोडल्यासारखे, आणि काठांवर चांगला जुना गंज. ही कालपरवाची गोष्ट नव्हती. पहिल्या दिवसापासून कोणीतरी तोंड फोडून यात शिसं ओतत आलं होतं. मी बाबांना हात धरून दाखवायला आणलं. त्यांनी आत बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ दे ना, सुमन. आपल्याला काय करायचं?" मी चिडून म्हटलं, "किल्ली जाईल बाबा तुमची." ते म्हणाले, "जाऊ दे. तुझ्या आईचं माहेर एकच हाय." मला त्यांचा भयंकर राग आला. काय म्हणाले ते मला अर्धंच कळलं आणि जेवढं कळलं तेवढ्याने तर जास्तच आला. चांगुलपणाच्या नावाखाली असं मुकं राहणाऱ्या माणसांना मी आयुष्यभर नीट सहन करू शकलेले नाही, आणि त्या यादीत पहिले माझे बाबा.

रविवारी दुपारी सगळे आमच्याच वाडीत जमले, गाडी तिथेच होती ना. हरी तात्या खुर्चीवर, बाकीचे तरटांवर, मामा गाडीला टेकून, चष्मा लावून. आई दारात सुकेळ्यांचं ताट घेऊन, कारण चार माणसं आली की खायला द्यायचंच, मग ती माणसं नवऱ्याचा गळा धरायला का आलेली असेनात. मी उठून सगळं सांगितलं. मीटरचं सांगितलं, पाण्याच्या थेंबांचं सांगितलं, परीक्षानळीत भरून आणलेला पिवळा रंग दाखवला. एकजण म्हणाला, "हळद दिसते." मग मी सेन्सर काढून गाडी चालू केली. त्या गर्जनेने मात्र सगळे उठून उभे राहिले. पुरावा कोणाला कळला नाही, आवाज सगळ्यांना कळला. "चालू झाली की!" असं म्हणत दोघांनी टाळ्या वाजवल्या, जणू मी गाडी दुरुस्त करायला बसले होते. मी ओरडून सांगितलं की गाडी शिशाने बुजली, रॉकेलने नाही, आणि ते शिसं आत जावं म्हणून टाकीचं तोंड कोणीतरी फोडलेलं आहे.

आणि इथे माझ्या टेक्निकल मामांनी त्यांच्या सगळ्या अमेरिकेत मिळून एकच हुशारीची गोष्ट केली. चष्मा काढला. "फोडलंय ना? करेक्ट," ते म्हणाले. "मग पेट्रोल भरायला कोण गेला होता? भावोजी. नळी जात नव्हती, म्हणून यांनी फोडलं. पोरगीनेच प्रूव्ह केलं." मी गंजाचं सांगितलं, कालचा गंज असा नसतो म्हणून सांगितलं, पण कोणी माझ्याकडे बघतही नव्हतं. माझाच पुरावा उचलून त्यांनी बाबांच्या अंगावर टाकला होता. हरी तात्यांनी बाबांना विचारलं, "खरं काय ते तू सांग. कोनी फोडलं?"

बाबा खाली बघत होते. मग म्हणाले, "टामी माझी व्हती."

बस्स, तेवढंच. ते खोटं बोलले नव्हते, आणि म्हणूनच सगळ्यांनी ते खरं धरलं. हरी तात्यांनी सुस्कारा टाकून हात पुढे केला. बाबांनी करगोट्याची गाठ सोडायला घेतली. सवय नसल्याने ती सुटेना, नखाने उचकटावी लागली. किल्ली सुटली, आणि बाबांनी ती हरी तात्यांच्या तळहातावर ठेवली. मामांनी चष्मा परत लावला.

ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. आई अंगणात आली होती. पदर खोचलेला, भावाच्या समोर ती कधी पदर खोचून उभी राहत नसे. म्हणाली, "टामी यांची. हात कोनाचा व्हता, दादा?"

मामा हसले. "तू मध्ये बोलू नको. तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाय कळत. तुझं कळतं." आई हरी तात्यांकडे वळली. "बंदराच्या बाहेरचा पयला पंप. टाकी कोरडी व्हती. नळी आत जाईना. हे बोलले, दादा, कंपनीनं बारीक ठेवलंय तं कायतरी कारन असंल. दादा यांना काय बोलला माहिताय? बोलला, तुमी टेम्पो चालवा. टामी यांच्या हातातनं वडून घेतली आनि सोताच्या हातानं ठोकली." मग ती पुन्हा मामांकडे बघत म्हणाली, "मी निरांजन लावून उभी व्हती तुला ओवाळायला. तू बोललास, दिवा विझव, पेट्रोल हाय. मी विझवला. वाऱ्यानं नाय विझला तो. इतके दिस मी वाऱ्याचं नाव सांगत ऱ्हायली."

मामांनी "सिस्टर" असं काहीतरी सुरू केलं, मग मामीला हाक मारली, मामी आलेलीच नव्हती. हरी तात्यांनी किल्ली बाबांपुढे धरली तेव्हा त्यांची नजर स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावर होती. बाकीचे एकेक करून उठले आणि जाताना प्रत्येकाने ताटातलं एक एक सुकेळं उचललं, गोड म्हणून. माफी कोणी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या टोपल्या आमच्या दारात येऊन पडल्या होत्या, आणि बाबांनी त्या भरल्या, एकही मागे न ठेवता. मी असते तर दोनचार विहिरीत टाकल्या असत्या.

गाडी मामांनी फुलपाड्याच्या एका माणसाला विकून टाकली. त्याने डबा कापून फेकला, तिथे साधी नळी जोडली, आणि ती गाडी पुढे कितीतरी वर्षं लग्नाच्या वरातीत फिरत होती, भलामोठा आवाज करत. तिच्या जागी बाबांनी पुन्हा केळी लावल्या. मामा त्यानंतर आमच्या अंगणात आले नाहीत. गावात म्हणत, बहिणीने चार माणसांत उतरवलं. खोकी ठोकणाऱ्या हाताने भावोजींना चार माणसांत उतरवलं होतं, हे बोलायला मात्र कोणाची जीभ वळली नाही. मामा आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, आणि मी प्रयत्न करून पाहिला आहे.

त्या वर्षीची भाऊबीज काही दिवसांतच आली. आईने सकाळपासून सगळं केलं, नेहमीसारखं, नारळाची करंजी, वालाचं बिरडं, आणि सोपटात बांधलेलं सुकेळ्यांचं पुडकंही. मला वाटलं, आता हिचं मन पाघळलं, ही तबक घेऊन जाणार दोन कुंपणं ओलांडून. दिवस बुडाल्यावर तिने निरांजन लावलं, तबक घेतलं आणि अंगणात आली. विहिरीपलीकडे, माडांच्या वर, बीजेची बारीक कोर दिसत होती, आणि तिच्याच खाली मामांच्या माडीवरचा दिवा. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. आईने पदर डोक्यावर घेतला आणि चंद्राला ओवाळलं, तीनदा, सावकाश. बाबा ओटीवर बसले होते, ते उठून घरात गेले. मला तिच्या अंगावरून हात फिरवावासा वाटला, पण आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. मी विचारलं, "आई, आणि मामा आले तर?"

आईने अक्षता चंद्राकडे टाकल्या. म्हणाली, "आला तं जेवल. पान वाढलंय त्याचं. ओवाळनार नाय."

आत जाताना तिने निरांजन फुंकरीने विझवलं नाही. तुळशीपाशी ठेवलं आणि तेल संपेपर्यंत जळू दिलं.